खाडाखोड

त्या दिवशी आईला रक्त तपासायला घेऊन गेले होते. उपाशीपोटी या असं सांगितलेलं, त्यामुळे आदल्या रात्रीपासून तिच्या पोटात पाण्याशिवाय काही नव्हतं. नाव नोंदवलं, पैसे भरले, टोकन घेतलं आणि आम्ही भिंतीलगतच्या थंडगार लोखंडी खुर्च्यांवर जाऊन बसलो. आमच्या मागून आलेले चार-पाच जण हात कोपरात दुमडून, कापसाचा बोळा दाबत बाहेर पडले, तेव्हा मी उठून काउंटरवर चौकशी केली. तिथल्या मुलीनं नंबर टाकला, पडद्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "यांचं सॅम्पल घेऊन झालंय." मी म्हटलं, "नाही हो, आम्ही मघापासून इथेच बसलोय, अजून कोणी बोलावलंच नाही." ती म्हणाली, "पण सिस्टीममध्ये कलेक्टेड दाखवतंय." एव्हाना आईही माझ्या मागे येऊन उभी राहिली होती. तिनं शाल बाजूला सारली, दोन्ही हात काउंटरच्या काचेवर उताणे ठेवले आणि शांतपणे विचारलं, "बघ गं बाळा, टोचल्याची खूण दिसतेय का कुठे?"

मुलीनं हात पाहिले. अगदी निरखून पाहिले. आईच्या हातांची कातडी आता पातळ झालीय, निळ्या शिरा वरूनही मोजता येतात, साधं खरचटलं तरी आठवडाभर डाग राहतो. त्या हातांवर काहीही नव्हतं. मग ती मुलगी पुन्हा पडद्याकडे वळली, तिनं पान रिफ्रेश केलं आणि म्हणाली, "अजून तसंच दाखवतंय, आजी."

हातावरून उचलून पडद्याकडे गेलेली ती नजर अजून माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

मुलगी उद्धट नव्हती, हे आधीच सांगते. तिला आईची कणव आली होती, तिनं पाणी हवंय का म्हणून विचारलंही. आई खोटं बोलतेय असं तिला क्षणभरही वाटलं नसणार. पण आईचं म्हणणं कुठे लिहावं यासाठी तिच्यापुढच्या पडद्यावर जागा नव्हती. 'ऑर्डर', 'कलेक्टेड', 'रिसीव्ह्ड', 'रिपोर्टेड' अशा चार पायऱ्या होत्या, आणि सगळ्या पुढेच जाणाऱ्या. एक पायरी मागे यायचं बटण तिच्या वाट्याला दिलेलंच नव्हतं. मी वीस वर्षं असलीच सॉफ्टवेअर लिहीत आले आहे, त्यामुळे काय झालं असेल याचा अंदाज मला तिथे उभ्या उभ्याच आला. नळीवर चिकटवायचं बारकोडचं लेबल छापलं की नोंद आपोआप 'कलेक्टेड' होत असणार. लेबल छापलं गेलं, म्हणजे आता रक्त काढतीलच, मग वेगळं बटण दाबायला लावून कशाला त्रास द्या, असा विचार कुणीतरी कधीतरी केला असणार. तो विचार करणाऱ्या माणसाला मी ओळखत नाही, पण त्याची खोली, त्याची खुर्ची, दुपारचे साडेचार वाजलेले आणि आज हे संपवायचंच आहे ही घाई मला चांगली ठाऊक आहे. आतमध्ये लेबल छापून झालं होतं, तेवढ्यात तंत्रज्ञाला दुसरीकडून हाक आली होती. एवढंच घडलं होतं. पण पडद्यावर आईच्या अंगातून रक्त निघून गेलेलं होतं.

आई नोकरीत होती तेव्हा तिच्या टेबलावर आवक-जावकीचं मोठं रजिस्टर असायचं. शाळेला सुट्टी असली की मी कधीमधी तिच्याबरोबर जायची आणि तिच्या शेजारी स्टुलावर बसून ते रजिस्टर बघायची. जाड पुठ्ठा, कापडी पाठ, आणि उघडलं की शाई, खळ आणि जुना कागद यांचा मिळून येणारा वास. त्यात मला सगळ्यात विचित्र वाटायच्या त्या खोडलेल्या जागा. शाळेत खाडाखोड केली की गुण कापले जायचे, आणि इथे माझी आई, जिचं अक्षर सगळे वाखाणायचे, ती राजरोस खोडत होती. मी विचारलं तेव्हा तिनं मला नियम समजावून सांगितला. चुकलं तर रबर लावायचा नाही, ब्लेडनं खरवडायचं नाही, पांढरा रंग तर मुळीच फासायचा नाही. एकच आडवी रेघ मारायची, तीही अशी की खालचा चुकलेला आकडा वाचता आला पाहिजे. वर बरोबर आकडा लिहायचा, बाजूला छोटी सही, तारीख. "चूक झाली हेही दिसायला हवं," ती म्हणाली होती, "आणि ती कोणी सुधारली हेही." मला तेव्हा ते नीटसं कळलं नव्हतं. एवढंच लक्षात राहिलं की मोठ्यांच्या जगात खाडाखोडीलाही सही करावी लागते.

कागद स्वतःबद्दलची शंका स्वतःच सांगायचा. घाईत लिहिलेलं अक्षर घाईतलं दिसायचं. मागाहून घुसडलेली ओळ दोन ओळींच्या मधे अंग चोरून बसायची, शाईचा रंग वेगळा पडायचा. वाचणारा माणूस नुसता मजकूर वाचत नसे, लिहिणाऱ्याचा हातही वाचत असे. पडद्यावर हे सगळं पुसलं गेलं. खात्री करून लिहिलेला आकडा, अंदाजानं लिहिलेला, चुकून दाबला गेलेला, आणि प्रोग्रॅमनं स्वतःच धरून चाललेला, हे चारही एकाच टंकात, एकाच आकारात, सारख्याच स्वच्छपणे उमटतात. काळ्या दगडावरची रेघ म्हणतो ना आपण, तसे. त्यामुळे त्या मुलीला दोष देववत नाही. तिच्या एका बाजूला एका म्हातारीचा कापरा आवाज होता आणि दुसऱ्या बाजूला हिरव्या रंगातली, जराही न थरथरणारी अक्षरं.

शरीर एक सांगतंय आणि यंत्र दुसरंच, अशी वेळ आली की मला हटकून थेरॅक-२५ आठवतं. आमच्या क्षेत्रातल्या बऱ्याच जणांना ही गोष्ट विद्यार्थी असतानाच सांगितली जाते, आणि पुढे कामाच्या रेट्यात आम्ही ती विसरतो. कॅनडातल्या एईसीएल या कंपनीनं बनवलेलं, कर्करोगावर किरणोपचार देणारं ते यंत्र. १९८५च्या जूनमध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात त्याच्याखाली झोपलेल्या एका बाईला एकदम तापलेलं काही अंगात घुसल्यासारखं वाटलं. तुम्ही मला भाजलंत, असं ती तिथल्या तिथे म्हणाली. असं होऊच शकत नाही, असं तिला सांगण्यात आलं. पुढे तिचा स्तन काढावा लागला, हातही लुळा पडला. १९८६च्या मार्चमध्ये टेक्ससमधल्या टायलर गावी एका रुग्णावर उपचार सुरू असताना पडद्यावर 'मालफंक्शन ५४' एवढीच अक्षरं आली आणि डोस फार कमी गेल्याचं दिसलं. अशा फुटकळ सूचना त्या यंत्रावर रोजच यायच्या, म्हणून ऑपरेटरनं पुढे चालू ठेवायची कळ दाबली. आतल्या माणसाला विजेचा झटका बसल्यासारखं झालं होतं, तो उठायची धडपड करत होता, त्याला दुसरा झटका बसला. त्या दिवशी खोलीतला कॅमेरा जोडलेला नव्हता आणि आवाज ऐकवणारं यंत्रही बिघडलं होतं, त्यामुळे बाहेर काही कळलं नाही. तो दार ठोठावायला लागला तेव्हा कळलं. कंपनीची माणसं येऊन तपासून गेली आणि जास्त डोस जाणं शक्यच नाही असं सांगून गेली. यंत्र पुन्हा सुरू झालं. ११ एप्रिलला तिथेच दुसरा माणूस भाजला.

मग त्या रुग्णालयातले भौतिकतज्ज्ञ फ्रिट्झ हेगर आणि ती ऑपरेटर त्या यंत्रापुढे बसले. काय काय दाबलं होतं ते ती आठवून आठवून पुन्हा करत राहिली. हवी ती चूक काही केल्या येईना. शेवटी उलगडलं ते असं, की ऑपरेटर सरावानं फार वेगात टाइप करायची. आधी क्ष-किरणांसाठीचं एक्स दाबलं गेलं, चूक लक्षात आली, कर्सर वर नेऊन तिनं इलेक्ट्रॉनसाठीचं ई केलं आणि आठ सेकंदांच्या आत सगळं उरकलं, की पडद्यावर दुरुस्ती दिसायची पण आतल्या लोहचुंबकांची जुळणी आधीच्याच आज्ञेवर चालू असायची. सावकाश, एकेक कळ दाबून तपासणाऱ्यांना ती चूक कधीच सापडली नसती. कामात तरबेज असणाऱ्या हातालाच ती सापडणार होती. १९८५ ते १९८७ या काळात सहा जणांना असा भलतामोठा डोस गेला आणि त्यांतले किमान तीन जण दगावले.

या गोष्टीतला मला सगळ्यात जास्त छळणारा भाग मात्र वेगळा आहे. याच यंत्राच्या आधीच्या पिढीत, थेरॅक-२०मध्ये, तीच चूक होती. शिकागो विद्यापीठात विद्यार्थी त्यावर शिकत असताना वारंवार फ्यूज उडायचे, तेव्हा तिचा छडा लागला. तिथे कुणी भाजलं नाही, कारण त्या यंत्रात सॉफ्टवेअरवर विश्वास न ठेवणारी वेगळी कुलपं बसवलेली होती. सॉफ्टवेअर चुकलं की फ्यूज उडायचा आणि यंत्र बंद पडायचं. नव्या यंत्रात ती कुलपं काढून टाकली, आता सॉफ्टवेअर ते काम बघेल म्हणून. उडालेला फ्यूज म्हणजे यंत्रानं स्वतःच्या अंगावर केलेली खाडाखोडच होती. ती कटकट वाटत होती.

थेरॅकचा तो प्रोग्रॅम एकाच माणसानं, काही वर्षं खपून लिहिला होता. त्याच्याविषयी जगाला जवळजवळ काही माहीत नाही. मी मात्र त्याच्याविषयी पुष्कळ विचार करते, आणि त्याला एक कारण आहे.

नोकरीला लागून तिसरं वर्ष असेल. एका मोठ्या गोदामासाठी हजेरी आणि जादा कामाचे तास मोजणारा प्रोग्रॅम मी लिहिला होता. एकटीनं लिहिला होता, अभिमान होता त्याचा. काही महिन्यांनी तिथला एक कामगार तक्रार घेऊन आला. माल चढवण्यावर देखरेख करायचा, पन्नाशीचा असेल. त्याचं म्हणणं, जादा कामाचे तास कमी लागतात. त्याच्या खिशात एक छोटी डायरी होती, वापरून वापरून कोपरे गोल झालेली. तिच्यात रोजची जायची वेळ पेन्सिलीनं लिहिलेली. मला मॅनेजरनं बोलावून घेतलं. मी लॉग काढला, म्हणजे प्रोग्रॅमनं आपोआप ठेवलेल्या नोंदी. तो भरवशाचा दिसत होता. कित्येक दिवसांचे त्याचे जादा तास बरोबर लागलेले होते, मग मधलेच काही दिवस चुकतील कसे? मी त्याच्या डायरीकडे पाहिलं. पाहिलं म्हणजे, ती हातात घेतली, दोन पानं उलटली आणि परत दिली. मग मॅनेजरला म्हटलं, "सिस्टीममध्ये तसं दिसत नाहीये, सर." तो माणूस वाद घालत बसला नाही. त्यानं डायरी खिशात ठेवली, वरून खिसा एकदा थोपटला आणि गेला. पुढे कधीतरी तो काम सोडून गेल्याचं कानावर आलं.

चौदा महिन्यांनी, भलत्याच कामासाठी तो जुना कोड उघडला असताना माझी मलाच एक ओळ दिसली. पाळी रात्री अकराला संपायची. निघण्याच्या वेळेतून अकरा वजा करायचे, तेवढे जादा तास. आणि उत्तर उणे आलं तर शून्य धरायचं, म्हणजे कुणी लवकर गेलं तर पगार कापला जाऊ नये. ही ओळ मी दयेपोटीच लिहिली होती. पण माणूस बाराच्या पुढे थांबला की निघण्याची वेळ व्हायची शून्य वाजून चाळीस मिनिटं, त्यातून रात्रीचे अकरा, म्हणजे चोवीस तासांच्या घड्याळातले तेवीस, वजा व्हायचे, उत्तर उणे यायचं आणि माझी दयाळू ओळ त्याचं शून्य करायची. पावणेबारापर्यंत थांबलेल्यांचे तास लागत होते. ज्या रात्री गाड्या उशिरा यायच्या त्या रात्री बाराच्या पुढे थांबणारा तो बहुधा एकटाच होता. म्हणजे जितकं जास्त थांबावं तितकं कमी मिळत होतं. दहा मिनिटांत मी ते दुरुस्त केलं. बदल जमा करताना काय बदललं ते एका ओळीत लिहावं लागतं. मी लिहिलं, 'किरकोळ दुरुस्ती'.

त्या माणसाचा शोध मी घेतला नाही. मॅनेजरला सांगितलं नाही. आज हे लिहिताना माझे हात गार पडलेत, पण त्या दिवशी मी ते दोन शब्द टाइप करून चहा प्यायला गेले होते. त्याच्या पेन्सिलीच्या नोंदी बरोबर होत्या. माझ्या हातात होत्या त्या, आणि मी लॉग वाचला.

म्हणून ब्रिटनमधलं होरायझन प्रकरण मी बातमीसारखं वाचू शकले नाही. तिथल्या पोस्ट ऑफिसनं १९९९पासून आपल्या शाखांमध्ये होरायझन ही हिशेबाची यंत्रणा बसवायला सुरुवात केली, फुजित्सू या जपानी संगणक कंपनीची. शाखा चालवणारे सब-पोस्टमास्तर संध्याकाळी हिशेब लावायला बसायचे आणि पडद्यावर तूट दिसायची. गल्ल्यात पैसे बरोबर, पडद्यावर कमी. हेल्पलाइनला फोन लावावा तर अनेकांना उत्तर मिळायचं की असं फक्त तुमच्याकडेच होतंय. करारानुसार तूट स्वतःच्या खिशातून भरायची. माणसांनी साठवलेले पैसे घातले, घरं गहाण टाकली, आईवडिलांकडून घेतलं. ज्यांना जमलं नाही त्यांच्यावर चोरीचे, खोट्या हिशेबाचे खटले झाले. ९००हून जास्त माणसं दोषी ठरली, काही तुरुंगात गेली, काहींनी जीव दिला. गावात ज्यांच्याकडे लोक पेन्शनचे पैसे विश्वासानं घ्यायला यायचे, त्यांनाच लोक चोर म्हणायला लागले. कित्येकांनी तर नसलेला गुन्हा कबूल केला, कारण त्यांना सांगितलं गेलं की कबूल केलात तर निदान शिक्षा हलकी होईल.

यातल्या दोन गोष्टी मला पुनःपुन्हा टोचतात. पहिली म्हणजे फुजित्सूकडे माहीत असलेल्या चुकांची यादी होती, 'नोन एरर लॉग' नावाचीच. म्हणजे खाडाखोड झालेली होती, लिहून ठेवलेली होती, फक्त ती दुसऱ्या वहीत होती आणि ती वही ज्यांच्यावर खटले चालले त्यांच्या हाती पडू दिली गेली नाही. अशी वही आम्हा सगळ्यांकडे असते. प्रत्येक टीमच्या यादीत 'नंतर बघू' असा शेरा मारलेल्या कितीतरी चुका पडून असतात. आपापसात आम्ही उघड बोलतो, की तो भाग नाजूक आहे, हात लावू नको, का चालतोय ते कुणालाच माहीत नाही. आणि बाहेर, काउंटरवर, त्याच भागाचं बोलणं देववाणी होऊन बसतं. सॉफ्टवेअर किती ठिगळांवर उभं असतं हे जगात सगळ्यात जास्त आम्हाला ठाऊक असतं, आणि आम्हीच गप्प राहतो. काउंटरवरच्या मुलीचा पडद्यावरचा विश्वास आमच्या गप्प राहण्यातून आलेला आहे असं माझं ठाम मत आहे.

दुसरी गोष्ट कायद्याची. इंग्लंडमध्ये १९८४च्या एका कायद्याचं ६९वं कलम होतं. संगणकातली नोंद पुरावा म्हणून आणायची तर संगणक नीट चालत होता हे आधी दाखवा, असं ते सांगायचं. हे फार जाचक होतं, साध्या साध्या खटल्यांतही अडचण व्हायची, म्हणून १९९९मध्ये ते कलम काढून टाकायचं ठरलं. त्यानंतर न्यायालय धरून चालायला लागलं की संगणक बरोबरच असणार, तो चुकला असं वाटत असेल तर वाटणाऱ्यानं दाखवून द्यावं. खेड्यातली एक पोस्टमास्तरीण हे दाखवणार कसं? कोड तिच्याकडे नाही, लॉग तिच्याकडे नाही, चुकांची वही तिच्याकडे नाही. तिच्याकडे फक्त 'मी पैसे घेतलेले नाहीत' एवढं वाक्य होतं. माजी सब-पोस्टमास्तर अॅलन बेट्स यांच्या मागे ५५५ जण एकत्र आले, वर्षानुवर्षं लढले, तेव्हा २०१९च्या डिसेंबरमध्ये न्यायालयानं होरायझनमध्ये चुका होत्या हे मान्य केलं. शिक्षा सरसकट रद्द करायला संसदेला २०२४मध्ये वेगळा कायदा करावा लागला. चोविसाव्या वर्षी गेलेली अब्रू एकोणपन्नासाव्या वर्षी परत मिळाली तर तिचं काय करायचं असतं, मला कळत नाही.

ऑस्ट्रेलियात सरकारी वसुलीचं रोबोडेट नावाचं प्रकरण झालं, तिथेही हाच मामला. माणसाचं वर्षाचं उत्पन्न घ्यायचं, सव्वीस पंधरवड्यांत सारखं वाटून टाकायचं आणि त्यावरून सरकारी मदत जास्त घेतलीत म्हणून वसुलीची नोटीस पाठवायची. वर्षातून चार महिने काम मिळालेल्या माणसाचं उत्पन्न असं सारखं पसरलेलं नसतं, हे शाळकरी पोराला समजेल. पण जास्त पैसे घेतलेले नाहीत हे दाखवण्याचं ओझं पुन्हा त्या माणसावरच होतं. वर्षानुवर्षांपूर्वीच्या पगाराच्या चिठ्ठ्या शोधत लोक घरभर फिरत होते.

आता तर बोलणारी यंत्रं आलीत. २०२३मध्ये न्यूयॉर्कच्या एका न्यायालयात वकिलांनी चॅटजीपीटीनं रचलेले, अस्तित्वातच नसलेले निवाडे दाखल केले. त्यांतल्या एकानं हे निवाडे खरे आहेत का, असं त्या यंत्रालाच विचारलं होतं आणि यंत्रानं हो म्हटलं होतं. मला त्या वकिलाचा राग येत नाही. एवढं सुघड, अडखळणं नसलेलं वाक्य समोर आलं की शंका घ्यायला मन धजत नाही. माणूस खोटं बोलताना घसा खाकरतो, नजर चुकवतो, एखादा शब्द गिळतो. हे यंत्र माहीत असलेलं आणि नसलेलं एकाच चालीत म्हणतं.

हे सगळं मी एकदा आईला सांगत होते तेव्हा तिनं मला मधेच थांबवलं. कागदाचं एवढं कौतुक करू नकोस, म्हणाली. तिच्या डोळ्यांदेखत रजिस्टरची पानं फाडली गेली होती. हातात पेन असलेला कारकून काय काय करू शकतो आणि कुणाकुणाला ताटकळत ठेवू शकतो, हे तिनं तीस वर्षं पाहिलं होतं. काउंटरवरच्या माणसाच्या हातून ते पेन काढून घेतलं गेलं त्यामागे काही चांगली कारणंही होती, आणि ती मला नाकारता येत नाहीत. लहर म्हणून कुणाची नोंद बदलली जाऊ नये म्हणूनच तर आम्ही मागे जायचं बटण देत नव्हतो. तिचं बोलणं मला पटलं आणि पटल्यामुळे मी जास्तच अस्वस्थ झाले. कारण पेन काढून घेताना आम्ही त्या मुलीचे डोळेही काढून घेतले. समोरचा हात पाहून तिला जे कळलं त्याला आता काडीची किंमत उरलेली नाही, आणि हे तिलाही कळतं. रोज आठ तास स्वतःच्या डोळ्यांवर अविश्वास दाखवायचा ही काय नोकरी झाली?

मला हवंय ते फार मोठं नाही. प्रत्येक नोंदीला ती कशावरून आली हे चिकटलेलं असावं. माणसानं पाहून लिहिलं, की प्रोग्रॅमनं धरून चालून लिहिलं? 'रक्त घेतलं' आणि 'लेबल छापलं' या दोन निरनिराळ्या गोष्टी पडद्यावर निरनिराळ्याच दिसाव्यात. काउंटरवर बसलेल्या माणसाला एक आडवी रेघ मारता यावी, स्वतःच्या सहीनं, आणि खालचं वाचता येईल अशी. तंत्राच्या दृष्टीनं यात अवघड काही नाही. कोणी कधी काय बदललं हे आम्ही पडद्यामागे साठवतोच, फक्त ते लेखापरीक्षकासाठी असतं, आजींसाठी नसतं. आमच्या कामात मी यावरून हल्ली वाद घालते. पडद्यावर गर्दी होते, असं डिझाइनवाले म्हणतात. शंका दिसली की ग्राहक बिचकतो, असं विक्रीवाले म्हणतात. मागच्या वादात मी एका जागी हरले, एका जागी जिंकले. आता आमच्या एका फॉर्मवर तळाशी एक रिकामी चौकट आहे, 'समोरची व्यक्ती काय सांगते' अशी. सुरुवातीला ती महिनाभर रिकामीच राहिली. मग एके दिवशी तिच्यात कुणीतरी लिहिलेलं दिसलं, 'हे म्हणतात की पत्ता बदललेला नाही, आधीचाच बरोबर आहे.' मी ती ओळ दोन-तीनदा वाचली.

त्या दिवशी काउंटरवर पुढे काय झालं ते राहिलंच. आईचे हात अजून काचेवर तसेच होते. आतून एक पांढऱ्या केसांचे तंत्रज्ञ पुढचं नाव पुकारायला बाहेर आले, त्यांनी ते हात पाहिले, मुलीकडे पाहिलं आणि म्हणाले, "काकू, तुमचं राहिलं ना मघाशी? या आत." बस, एवढंच. आत गेल्यावर मी विचारलं, "नोंदीचं काय?" ते सुई जोडत म्हणाले, "नोंद झालीय की आधीच." आईनं नेहमीसारखे डोळे मिटून घेतले. नळीत रक्त चढत गेलं, आणि ते या क्षणी इथे घेतलं जातंय याची जगात कुठेही नोंद होत नव्हती.

संध्याकाळी रिपोर्ट आला. आईला मोबाइलवरचं वाचवत नाही, म्हणून मी छापून दिला. तिनं चष्मा लावला. साखर किती, हिमोग्लोबिन किती, हे ती आधी बघेल असं मला वाटलं होतं. ती वरचा कोपरा वाचत होती. सॅम्पल घेतल्याची वेळ, ८.१२. "आठ बाराला आपण पैसे भरत होतो," ती म्हणाली. "मला टोचलं तेव्हा समोरच्या घड्याळात नऊ पाच झाले होते." मी म्हटलं, असू दे गं, आकडे तर तुझेच आहेत ना. तिनं उत्तर दिलं नाही. टेबलावरचं पेन घेतलं, कागद सरळ केला, फूटपट्टी नसतानाही सरळ येते तशी तिची एक आडवी रेघ मारली. वर ९.०५ लिहिलं. बाजूला छोटी सही केली, तारीख घातली, आणि शाई वाळेपर्यंत कागद तसाच उघडा ठेवला. खालचे ८.१२ नीट वाचता येत होते.